कोरडे मोजे

“हे काय, इथे भर रस्त्यातून पाट काढलेत?”

स्टेशनातून बाहेर पडून आम्ही जुन्या गावातल्या पहिल्या गल्लीत शिरलो, तेव्हा ऋजुता गोंधळेकर हे बोलली. तोवर आमच्यात ‘प्रवास नीट झाला ना?’ आणि ‘हो, झाला’ एवढाच काय तो संवाद झाला होता.

“गावभर आहेत,” मी म्हटलं. “जपून चाला हं. लक्ष नसलं की पाय जातो.”

“जातो का?” म्हणून ती पाण्याकडे बघत राहिली.

फ्रायबुर्ग हे जर्मनीच्या पार दक्षिणेला, डोंगराच्या पायथ्याशी वसलेलं टुमदार शहर. तिथल्या जुन्या गल्ल्यांच्या कडेने दगडी पाट वाहतात. हातभर रुंद, वीतभर खोल, वर झाकण नाही की कठडा नाही. आमच्या गुहागरला सुपारीच्या बागेत शिंपण्याचे असतात ना, थेट तसे. नोकरीसाठी तिथे गेलो तेव्हा पहिल्याच दिवशी हे पाट बघून मला इतकं घरच्यासारखं वाटलं, की आईला फोनवर प्रथम तेच सांगितलं होतं. आई म्हणाली होती, “पाणी कुणाच्या वाटणीचं?”

मी, हेरंब ओक, तिथे सौरऊर्जेच्या एका संस्थेत होतो. ऋजुता साताऱ्याची. तिच्या कंपनीनं तिला दोन वर्षांसाठी स्टुटगार्टला पाठवलं होतं. नानिवडेकरकाकू नावाच्या, दोन्ही घरांत ऊठबस असलेल्या बाईंनी पत्रिका इकडून तिकडे नेल्या, त्या जुळल्या, आणि मुलगा-मुलगी दोघं जर्मनीतच आहेत म्हटल्यावर एकमेकांना भेटून घेऊ देत असं ठरलं. सगळं उत्तम. फक्त तिला सुट्टी मिळाली ती नेमकी पितृपंधरवड्यात.

आदल्या दिवशी आईचा फोन. “हे बघ हेरंब, पंधरवडा चालू आहे. आजोबांची तिथी अजून व्हायच्येय. लग्नाबिग्नाचं अवाक्षर काढायचं नाही. ती शहर बघायला येत्येय, तू शहर दाखव. बास.”

“अगं, पण ती कशाला येत्येय हे तिलाही माहीत आहे.”

“असू दे माहीत. बोलायचं नाही म्हणजे नाही. घटस्थापनेला सकाळी मी स्वतः त्यांच्याकडे फोन करीन. शुभ बोलणं शुभ दिवशीच व्हावं. तुझ्या मावशीचं काय झालं ते ठाऊक आहे ना?”

मावशीचं जमलेलं लग्न मोडलं होतं आणि त्याचं खापर आमच्याकडे आजवर पितृपक्षावरच फुटत आलं आहे. आईचं हे गुहागरहून उंटावरून शेळ्या हाकणं मला नवीन नव्हतं, आणि मी शेळी म्हणून तसा गुणीच होतो. ‘बरं’ म्हटलं.

तेव्हा आम्हा दोघांना ताकाला जाऊन भांडं लपवायचं होतं. त्यासाठी मी शहराचा असा काही कार्यक्रम आखला, की गाईडनं तोंडात बोट घालावं. धावपळ करायची नाही, बघण्यासारखं एकही सोडायचं नाही, आणि दोन ठिकाणांच्या मधे बोलण्यात खंड पडू द्यायचा नाही. खंड पडला तर भलतंच काही तोंडून निघायची भीती.

शनिवार असल्यामुळे कॅथेड्रलच्या भोवती बाजार भरला होता. लाल दगडाचं ते उंच देऊळ, पायाशी फुलांचे, भाज्यांचे, मधाचे ठेले, आणि सगळीकडे भाजलेल्या सॉसेजचा कांद्यासकट वास. “पंधरवड्यात चालतं का तुम्हाला?” तिनं गंभीर चेहऱ्यानं विचारलं. मीही गंभीरपणे नाही म्हटलं. मग आम्ही चीजकेक घेतला. तिनं माझ्या तुकड्याचा कोपराही न विचारता खाल्ला आणि मला तो सगळाच तिला द्यावासा वाटला. हे मी सांगतो आहे ते आत्ता. तेव्हा मी कॅथेड्रल बांधायला किती शतकं लागली ते सांगत होतो.

देवळाच्या भिंतीवर पन्हळींच्या तोंडाशी दगडी प्राणी नि राक्षस बसवलेले आहेत. त्यांत एकजण चक्क पाठ फिरवून, उघडं बूड लोकांकडे करून बसलेला आहे. पावसाचं पाणी तिथूनच पडतं. ही बाजू मी यादीतून मुद्दाम वगळली होती. मुलीला पहिल्या भेटीत काय दाखवायचं याला काही मर्यादा आहे. पण तिनं आपली आपणच मान वर केली.

“अय्या! हे बघितलंत का? आणि हे दाखवलं नाहीत तुम्ही मला?”

“ते... मिस्त्रीचं आणि मालकाचं भांडण झालं होतं म्हणतात, म्हणून त्यानं रागानं...”

“माहीत होतं तर!” ती इतकी हसली की मधवाली बाई कारण न कळताच आमच्याबरोबर हसू लागली. “ओक, तुम्हाला सगळं माहीत असतं, पण सांगण्यासारखं तेवढं तुम्ही सांगत नाही.”

जुन्या गावात दुकानांच्या दारात ऱ्हाईन नदीतले गोटे बसवून चित्रं केलेली आहेत. बेकरीपुढे पावाचं, शिंप्यापुढे कात्रीचं. तिनं त्याचा खेळच केला. दुकानाकडे न बघता आधी खाली बघायचं आणि धंदा ओळखायचा. मी दोनदा हरलो.

“तुमच्या दारात काय काढतील?” तिनं विचारलं.

“सूर्य. सौरऊर्जा ना.”

“छे. कुलूप.”

दुपारी चौकात मुलं दोरीला लाकडी होड्या बांधून पाटातून ओढत होती. तिनं भाच्यासाठी म्हणून एक होडी विकत घेतली, आणि सातारची ही सॉफ्टवेअर इंजिनियर भर रस्त्यात होडी ओढत पुढे आणि मी तिची पिशवी सांभाळत मागे, अशी आमची वरात निघाली. ‘वरात’ हा शब्द तेव्हाही मनात आला होता. पंधरवडा आठवून मी तो गिळला.

संध्याकाळी आम्ही एका चौकातल्या पायऱ्यांवर बसलो. तिथे ऊन उतरताना सगळं गाव येऊन बसतं, कुणी गिटार घेऊन, कुणी नुसतंच. तिनं बूट काढून पाय मोकळे केले आणि म्हणाली, “अरे-तुरे करूया का? तुम्ही-तुम्ही करून दमले मी.”

“करू. सवय झाली की.”

“सवय केल्याशिवाय कशी होईल?” जरा वेळानं ती म्हणाली, “सोमवारी मला कंपनीला उत्तर द्यायचंय. आणखी दोन वर्षं इथे थांबते, की पुण्याला परत जाते. पत्र येऊन आठवडा झाला, मीच सोमवारपर्यंत थांबवून धरलंय.”

एवढं सांगून ती माझ्याकडे बघत राहिली. डोळे मोठे नव्हते तिचे, पण समोरच्याला बोलतं करायची त्यांना सवय असावी.

“घरचे काय म्हणतात?” मी विचारलं.

“घरचे म्हणतात, तुझं तू ठरव. तुम्हाला काय वाटतं?”

थांब, एवढंच म्हणायचं होतं मला. दोन अक्षरं आणि एक अनुस्वार. जन्मात कधी कुठलं उत्तर मला इतकं पक्कं आलं नव्हतं. पण ते म्हटलं की विषय निघालाच, आणि विषय निघाला की आई, मावशी, आजोबांची तिथी. शिवाय मनात आलं, पाच-सहा दिवसांचा तर प्रश्न आहे. शुक्रवारी घट बसले की आई फोन करील, मग काय ते रीतसर होईल.

“कंपनी चांगली आहे तुमची,” मी म्हटलं. “विचार करून काय ते ठरवा.”

“हो ना,” ती म्हणाली आणि बूट घालू लागली.

तिची राहायची सोय माझ्या घरमालकीणबाईंकडे केली होती. फ्राऊ रोम्बाख सत्तरीच्या, एकट्या, गुडघे धरलेल्या आणि जीभ अजिबात न धरलेल्या. मी तळघरातल्या खोलीत राहायचो, तिला त्यांनी वरची पाहुण्यांची खोली दिली. रविवारी सकाळी मी पाव आणायला गेलो आणि परत आलो तर स्वयंपाकघरातून दोघींच्या हसण्याचा आवाज. ऋजुताचं जर्मन माझ्याहून बरं होतं. मी दारात दिसताच दोघी गप्प झाल्या, बाईंनी टेबलावरून राखाडी लोकरीचं काहीतरी उचलून तिच्या पिशवीत कोंबलं आणि मला म्हणाल्या, “हेर ओक, आज हिला पायीच फिरवा. ट्राममध्ये बसवू नका.”

त्याच दुपारी बाई गुडघ्यांसाठी गरम झऱ्यांच्या गावी जाणार होत्या, तिथून पुढे लेकीकडे हॅम्बुर्गला. निघताना त्यांनी ऋजुताला पोटाशी धरलं. एका रात्रीत एवढी गट्टी कशी जमली याचं मला नवल वाटलं, आणि मत्सरही.

आम्ही गावामागची टेकडी चढलो. वरून सगळी कौलारू छपरं आणि त्यांतून वर आलेला तो लाल कळस दिसत होता, लांबवर द्राक्षाचे मळे. ती फार बोलत नव्हती. उतरून जुन्या वेशीतून पुन्हा गावात आलो. रविवार म्हणून दुकानं बंद, रस्ते रिकामे, त्यामुळे पाटांची खळखळ स्पष्ट ऐकू येत होती.

“या पाटांची काहीतरी गोष्ट असेल ना?” तिनं विचारलं.

“आहे ना. पूर्वी गावात आगी फार लागायच्या. घरं लाकडी. तेव्हा विझवायला पाणी हाताशी असावं म्हणून हे पाट. शिवाय गुरांना प्यायला.”

“आणखी?”

“आणखी... उन्हाळ्यात हवा गार राहते.”

“म्हणजे आगीची, गुरांची नि उकाड्याची. दुसरी काहीच गोष्ट नाही?”

दुसरी होती. त्या गावात पाऊल टाकलेल्या माणसाला ती पहिल्या आठवड्यातच कुणी ना कुणी सांगतं. मलाही संस्थेतल्या मित्रांनी डोळे मिचकावत सांगितली होती. पण ती त्या दिवशी तिला सांगणं म्हणजे आईला दिलेला शब्द मोडण्यातच जमा होतं.

“नाही,” मी म्हटलं. “एवढीच.”

ती पाटाच्या अगदी कडेकडेनं चालत होती. तिचं लक्ष पायांकडे नव्हतं, म्हणून मी शिष्टाचारानं बाजू बदलली आणि तिच्या नि पाटाच्या मधे आलो. वळणावर पाट रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला गेला, तशी तीही तिकडे गेली. मी पुन्हा मधे. पुढच्या गल्लीत पुन्हा तेच. मला वाटलं, पाण्याचं वेड दिसतंय. मग स्टेशनच्या अलीकडे एका गल्लीत, ‘तो कळस इथूनही दिसतो बघा’ असं म्हणत ती मान वर करून चालू लागली आणि तिचा डावा पाय पाटावर अधांतरी गेला.

मी झेप घातली. हो, झेपच. दंडाला धरून तिला मागे ओढलं. दोन दिवसांत मी तिला केलेला तो पहिला स्पर्श. टाचेला पाण्याचा थेंबसुद्धा लागू दिला नाही.

“जपून!” मी धापा टाकत म्हटलं. “वाचलात. थंडगार असतं पाणी.”

ती माझ्याकडे बघत उभी राहिली. तिचा दंड अजून माझ्या हातात होता. तो मी सोडला.

“तुम्ही फार जपता हो,” ती म्हणाली.

मला ती शाबासकी वाटली. इतकी वाटली, की स्टेशनपर्यंत मी तरंगतच गेलो.

गाडी लागली होती. दारात चढून तिनं पिशवीतून ती राखाडी गुंडाळी काढून माझ्या हातात दिली. हातानं विणलेले लोकरी मोजे होते. “हे फ्राऊ रोम्बाखना परत द्या. लागले नाहीत म्हणावं.”

“सांगतो. पोचल्यावर फोन करा.”

“करते. शहर फार सुंदर दाखवलंत. खरंच, काही म्हणजे काही ठेवलं नाहीत.”

दार लागलं. तिनं काचेतून हात हलवला. मी गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभा राहिलो आणि मनातल्या मनात शुक्रवार किती लांब आहे ते मोजत घरी आलो.

पोचल्याचा फोन आला. बोलणं नेहमीचंच झालं. तिनं ठेवताना विचारलं, “बाकी काही नाही ना?” मी म्हटलं, “नाही, बाकी ठीक.” आईला मात्र मी त्याच संध्याकाळी सांगितलं, की मुलगी मला मनापासून पसंत आहे. आई म्हणाली, “देवच पावला. आता तोंड मिटून शुक्रवारपर्यंत थांब.”

ते चार-पाच दिवस मी जितका सुखात होतो, तितका पुन्हा कधी नव्हतो. कामावर शीळ घालत होतो. फ्राऊ रोम्बाखच्या वरच्या खोलीचं भाडं किती असेल, आपल्या दोघांना ती पुरेल का, याचाही विचार करून ठेवला होता.

घटस्थापनेच्या सकाळी आईनं साताऱ्याला फोन लावला आणि दुपारी मला. आवाज पडलेला. “अरे, त्यांनी नको म्हटलं.”

“कुणी?”

“मुलीनंच. तिचे वडील म्हणाले, मुलगा सज्जन आहे, पण त्याच्या मनात काही दिसत नाही, असं मुलीनं सोमवारीच सांगितलं. कंपनीलाही तिनं नाही म्हणून कळवलं, परत येत्येय पुण्याला. मी म्हटलं अहो, आमचा होकार आहे, आम्ही नुसते दिवस बघत होतो. तर म्हणाले, आता तिला विचारायला आम्हालाच कसंतरी वाटतं.”

“तू सोमवारी का नाही केलास फोन?” मी ओरडलो. आईवर मी जन्मात ओरडलो नव्हतो.

“पंधरवडा होता रे,” ती म्हणाली आणि रडू लागली. मग मलाच तिची समजूत घालावी लागली.

ऋजुताच्या स्टुटगार्टच्या घरी मी फोन केला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. “चार दिवस आधी बोलला असतात तर,” म्हणाली. “आता मी घरी सांगून बसले. आणि खरं सांगू? जो माणूस होकारसुद्धा आईकडून पाठवतो, त्याच्याबरोबर मी रोज काय बोलू?” तिला राग आला होता असंही नाही, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. दिवाळीच्या पाडव्याला पुण्यात तिचा साखरपुडा झाल्याचं नानिवडेकरकाकूंकडून कळलं. दैव देतं आणि कर्म नेतं, असं आई म्हणाली. माझ्या मते दैवानं दोन दिवस ताट वाढून ठेवलं होतं.

तरी इथवर माझी समजूत अशीच होती, की मी बोललो नाही एवढंच माझं चुकलं.

दिवाळीनंतर फ्राऊ रोम्बाख हॅम्बुर्गहून परतल्या. गुडघे सुधारले होते. मी त्यांची बॅग वर नेऊन ठेवली आणि आठवणीनं मोजे दिले. “फ्रॉयलाइन गोंधळेकरांनी परत दिलेत. लागले नाहीत म्हणाल्या.”

बाईंनी ते हातात घेतले, उलटेसुलटे केले. “कोरडे?”

“हो. घातलेच नाहीत.”

“पण ती मला म्हणाली होती, आज नक्की पडते.” बाई खुर्चीत बसल्या. “मी तिला आमच्या पाटांची गोष्ट सांगितली होती. कशी लाजली! मग म्हणते, पण चुकूनच पडावं लागतं ना? मी म्हटलं, पोरी, चुकून कसं पडायचं हे बायकांना शिकवावं लागत नाही. पाणी गार असतं म्हणून हे मोजे दिले बरोबर. पडली नाही ती?”

“पडत होती,” मी म्हटलं. “मी धरलं.”

बाईंनी मोजे मांडीवर ठेवले आणि एकात एक घालून त्यांची नीट घडी केली.

ती दुसरी गोष्ट, जी मी तिला सांगितली नाही, ती एवढीच आहे: फ्रायबुर्गच्या पाटात ज्याचा पाय चुकून पडतो, त्याचं लग्न फ्रायबुर्गच्याच माणसाशी होतं.

मी तसाच बाहेर पडलो. कोट घालायचंही सुचलं नाही. त्या स्टेशनजवळच्या गल्लीत गेलो, नेमक्या त्याच जागी, आणि थांबलो. खळखळ ऐकू येत नव्हती. दर हिवाळ्याच्या तोंडाशी नगरपालिका वरच्या अंगाला पाणी तोडते आणि पाट साफ करून घेते. तळाशी दगड उघडे पडले होते, चार पिवळी पानं नि एक तुटकी दोरी.

तरी मी त्यात पाय ठेवला, आणि बराच वेळ तसाच उभा राहिलो. एक म्हातारे गृहस्थ कुत्रा घेऊन चालले होते. माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, “आता काही उपयोग नाही हो. वसंतात या.”